भाव सांगायचा आणि गप्प बसायचं

तीन आठवड्यांसाठी दहिसरला माहेरी आलेय. पहिल्याच रविवारी आईने मासळी बाजारात नेलं. पापलेटचा भाव ऐकून माझे डोळे पांढरे झाले. कोळीण मात्र आकडा सांगून मोकळी झाली होती. सुरमईवर पाण्याचा हबका मारून ती शेजारणीशी कुणाच्या तरी डोहाळजेवणाबद्दल बोलायला लागली. "जरा कमी कर गं," असं शेवटी आईलाच म्हणावं लागलं. मला हसू आवरेना. जे या मावशीला उपजत येतं, ते शिकायला मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कार्डिफमध्ये एका वर्गात बसावं लागलं होतं. तो वर्गही कुणाचा, तर युनियनचा!

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी एडिटर. नऊ वर्षं अंधेरीत मराठी आणि हिंदी मालिका कापल्या. नवऱ्याला वेल्समध्ये नोकरी लागली आणि मी त्याच्या व्हिसाला जोडून कार्डिफला गेले. अशा जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येते आणि स्वतःचा धंदाही करता येतो, फक्त व्यावसायिक खेळाडू होता येत नाही. विलंबित सूर्यनमस्कार घालणाऱ्या मला ही अट फारशी जाचली नाही.

'युनियन' या शब्दाशी आमच्या घराचं नातं जरा अवघड आहे. आजोबा परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, तो त्यांच्यासाठी कधी संपलाच नाही. नंतर घरात तो शब्द कुणी काढला की आजी उठून आत जायची. मी इंडस्ट्रीत आले तेव्हा युनियन म्हणजे कार्ड, एवढंच समजलं. "कार्ड आहे का?" सेटवर तपासणी आली की हा प्रश्न विचारला जातो. मुंबईत कॅमेरा, एडिट, स्टंट, मेकअप अशा प्रत्येक कामाची वेगळी संघटना आणि त्या सगळ्यांवर १९५६ पासूनची फेडरेशन. पैसे अडकले की तक्रार घेऊन तिथे जायचं. म्हणजे आपण युनियनची आठवण काढायची ती दात दुखल्यावर डेंटिस्टची काढतो तशी.

कार्डिफमध्ये पहिले पाच महिने एकही काम नाही. काम नसण्यापेक्षा जास्त छळलं ते कुणीच ओळखीचं नसण्याने. अंधेरीत रात्री अकराला एपिसोड शेवटच्या तपासणीला पाठवून खाली टपरीवर आलं की चार एडिटर, दोन साउंडवाले आणि एखादा चिडलेला निर्माता भेटायचाच. कुठे शो सुरू होतोय, कुठल्या हाऊसचं पेमेंट लटकलंय, सगळं कटिंगच्या ग्लासाबरोबर हातात. कार्डिफमध्ये सगळे जण आपापल्या घरी, आपापल्या लॅपटॉपसमोर. टपरी नावाची संस्थाच नाही.

मग मुलीच्या शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या एका बाईंनी (त्या नाटकांचे कपडे शिवतात) मला कल्ट कम्रीबद्दल सांगितलं. नाव ऐकून मी आधी घाबरले, म्हटलं हा कुठला पंथ? पण ते 'क्रिएटिव्ह युनियन्स लर्निंग टुगेदर'चं लघुरूप निघालं, आणि कम्री म्हणजे वेल्श भाषेत वेल्स. पडद्यामागच्या लोकांची बेक्टू, नटांची इक्विटी, वादकांची म्युझिशियन्स युनियन आणि लेखकांची रायटर्स गिल्ड ऑफ ग्रेट ब्रिटन या चार संघटना मिळून हे प्रशिक्षण चालवतात. पैसा येतो वेल्स सरकारच्या युनियन लर्निंग फंडातून. फ्रीलान्सरला शिकवणार कोण, असा साधा हिशेब त्यामागे आहे. नोकरी असली की कंपनी प्रशिक्षणाला पाठवते. आपल्याला कोण पाठवणार? शिकायचं तर त्या दिवसाचा रोज बुडवायचा, वर फी भरायची.

मला वाटलं होतं, एखादं नवं सॉफ्टवेअर शिकवतील. तेही असतं, पण मी गेले तो वर्ग निव्वळ पैशाचा होता. आम्ही चौदा जण. त्यात एक हार्प वाजवणारी मुलगी, एक लाइटवाला, एक कठपुतळ्या बनवणारे आजोबा. शिकवणाऱ्या बाईंनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि म्हणाल्या, समोरच्याला तुमचा दिवसाचा दर सांगा. सांगून झाल्यावर दहा आकडे मनात मोजा. तोवर तोंड उघडायचं नाही.

ऐकायला पोरखेळ वाटतं. माझ्यासमोर हार्पवाली. मी आकडा सांगितला आणि तीनपर्यंत मोजलं न मोजलं तोच माझ्या तोंडून निघालं, "पण आपण बघू ना, थोडं कमी-जास्त होईल." ती हसली. दुसऱ्यांदा पाचपर्यंत पोचले आणि म्हटलं, "म्हणजे पहिलंच काम आहे, तर..." समोर कुणी घासाघीस करत नव्हतं, खरा सौदाही नव्हता, आणि तरी मी स्वतःचाच भाव पाडत होते. नऊ वर्षं "पुढच्या शोला बघू ना तुझं" ऐकून ऐकून ते वाक्य माझ्याच घशात जाऊन बसलं होतं. चौथ्या वेळी दहापर्यंत गेले. हाताला घाम आला होता.

दुपारी कायदा. ब्रिटनमध्ये १९९८ पासून उशिरा येणाऱ्या व्यावसायिक बिलांवर व्याज लावता येतं. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर अधिक ८ टक्के, आणि वर ठरावीक भरपाई. बिल १००० पौंडांच्या आत असेल तर ४० पौंड, त्याहून मोठं असेल तर ७०, आणि १०,००० किंवा त्यापुढे १००. हे बिलाच्या तळाशी एका ओळीत आधीच लिहून ठेवायचं. भांडण नाही, शिव्या नाहीत, एक ओळ.

ती ओळ दोन महिन्यांनी वापरली. एका छोट्या कंपनीने माझे ६४० पौंड सात आठवडे लटकवले होते. मी व्याजाचा हिशेब मांडून अतिशय गोड मेल पाठवला. चौथ्या दिवशी ६४० जमा. व्याज नाही, ४० पौंडही नाहीत. मी तिथेच सोडून दिलं. बाई असत्या तर रागावल्या असत्या.

कल्ट कम्रीचे 'नेटवर्किंग'चे कार्यक्रमही असतात, आणि त्यांच्याबद्दल माझं मत तितकं बरं नाही. छातीवर नावाची चिकटपट्टी, हातात कोमट कॉफी आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्यावरून आणखी महत्त्वाचा माणूस शोधतोय. एकदा तर अर्धा तास मी कोट ठेवायच्या जागेशेजारी उभी होते. पण वर्गात भेटलेली माणसं वेगळी. ज्यांच्यासमोर आपण घाम पुसत आपला भाव सांगितलाय, त्यांच्यापासून लपवण्यासारखं काय उरतं? माझं वेल्शमधलं पहिलं काम त्या लाइटवाल्याच्या ओळखीतून आलं. तिथे काही मालिकांचा एकेक प्रसंग दोनदा चित्रित होतो, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत. मराठी-हिंदी दोन्हीकडे काम केलेल्या माणसाला त्यात काय नवल! वेल्श वाहिनी एस फोर सी सुरू झाली तीही १९८२ मध्येच, नोव्हेंबरात. सरकारने ही वाहिनी देण्याचा शब्द फिरवला म्हणून ग्विनफॉर इव्हन्स या नेत्याने १९८० मध्ये आमरण उपोषणाची धमकी दिली होती, तेव्हा कुठे ती मिळाली. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "टीव्हीसाठी उपोषण?"

तिकडे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडमधल्या युनियन लर्निंग फंडाचे पैसे सरकारने २०२१ च्या मार्चपासून बंद केले. वेल्सने चालू ठेवला म्हणून मला वर्ग मिळाला. आणि २०२४ च्या सुरुवातीला बेक्टूने पाहणी केली तेव्हा फिल्म-टीव्हीतल्या ६८ टक्के लोकांच्या हाताला काम नव्हतं. वर्गाने काम निर्माण होत नाही. भाव सांगता आला तरी आधी कुणीतरी विचारावा लागतो.

परवा वीरा देसाई रोडच्या त्याच टपरीवर गेले. माझा जुना असिस्टंट आता स्वतः एडिटर झालाय. केस गेलेत, बाकी तसाच. "ताई, तिकडे युनियन शिकवते?" त्याचा विश्वास बसेना. आपल्याकडेही लेखकांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन कार्यशाळा घेते, करारांबाबत सल्ला देते, हे त्याला मी कार्डिफहून येऊन सांगत होते! एडिटरांचं काय, तर त्याचं पेमेंट ९० दिवसांनी येतं आणि ९० चे १२० होतात. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडेंनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना मिळवून दिली. याच्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

मी विचारलं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीस का? तो म्हणाला, ते कारखानेवाल्यांचं ना? इथे मला कार्डिफच्या बाई आठवल्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. नोंदणी ऑनलाइन, फुकट, आधार आणि पॅनवर. करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. नेले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. कागदावर आपला कायदा ब्रिटनपेक्षा कडक आहे. फक्त नोंदणी काम घेण्याआधी झालेली बरी. तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्याज मागितलं तर पुढचं काम कोण देणार, ताई?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एकट्याने मागितलं तर कुणीच देणार नाही, हे त्यालाही कळतं.

म्हणून काल आईच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो. एडिटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकतीस जण, आले अकरा. त्यातले दोघे शिफ्टचा फोन आला म्हणून चहाआधीच गेले. वॉचमनने रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात 'वाढदिवस' लिहिलं. नोंदणी सहा जणांची झाली. तिघांची आधारला मोबाईल जोडलेला नसल्याने अडली. मग जोड्या लावल्या आणि भाव सांगायचा खेळ सुरू केला. मुंबईचे एडिटर तीनपर्यंतही पोचत नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते.

मध्येच असिस्टंटचा फोन वाजला. प्रॉडक्शनमधून होता, नव्या शोसाठी. सगळे गप्प झाले. त्याने आकडा सांगितला, वर्षभरापूर्वीच्या दरापेक्षा बराच जास्त. मग ओठ आत ओढून घेतले आणि डाव्या हाताने खुर्चीची कड धरून ठेवली. मी मनात मोजत होते. आठ, नऊ. पलीकडून काहीतरी बोलणं झालं, तो "हो" म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

आज संध्याकाळपर्यंत कळवलेलं नाही. माझं विमान शुक्रवारी पहाटेचं आहे.