तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवर पीएचडी म्हणजे काय?

सुट्टीला येळ्ळूरला, बेळगावजवळच्या आमच्या भाताच्या गावी, आले की पहिल्याच दिवशी कट्ट्यावरून हाक येते, "काय गे, भिंतीवर पीएचडी म्हणजे सिव्हिल काय?" दरवर्षी माणूस नवा, प्रश्न तोच. परवा शेजारच्या काकांनी मात्र बसवूनच घेतलं. "समजंल असं सांग बघू." म्हणून हे.

भिंत म्हणजे पेशीभित्तिका. भाताच्या काडीतल्या प्रत्येक पेशीभोवती ती असते; काडी उभी राहते ती तिच्याच जोरावर. तिचं सामान दोन तऱ्हांनी येतं. पेक्टिन, म्हणजे पेरूच्या जेलीला घट्टपणा देतं ते, पेशीच्या आत गॉल्जी संकुलात, म्हणजे पेशीच्या माल बनवून पाठवायच्या कारखान्यात, तयार होतं आणि पुटिका नावाच्या इवल्याशा पिशव्यांतून बाहेर पोचतं. सेल्युलोज, म्हणजे भिंतीचे मजबूत धागे, मात्र आयतं येत नाही. तिथे पिशवीतून गवंडीच येतो! सेल्युलोज विणणारं विकरांचं (एन्झाइमांचं) यंत्र पुटिकेतून पेशीपटलापर्यंत, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पापुद्र्यापर्यंत, येतं, पटलात बसतं आणि जागेवरच धागा काढत राहतं. मी या विषयाला चिकटले ती ह्याच्यामुळे.

पण पिशवीला आपलं ठिकाण कळतं कसं? आमच्या आजीला कन्नड पाटी वाचता यायची नाही. बेळगावच्या स्टँडवर ती प्रत्येक कंडक्टरला "येळ्ळूरला जाती काय?" विचारत फिरायची. पुटिकेला ती सोय नाही. तिच्या अंगावर एक प्रथिन असतं, पटलावर त्याची जोडीदार प्रथिनं. कडी कोयंड्यात बसली की दोन्ही पापुद्रे एक होतात आणि माल बाहेर पडतो. या प्रथिनांची जनुकं बिघडली तर सामान असूनही भिंत होत नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात 'क्नोले' नावाचं असं जनुक आहे. पेशी दुभंगताना नवी भिंत घालायला पुटिका मधोमध जमतात. क्नोले बिघडलं तर जमतात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. भिंत अर्धीच राहते, एकाच पेशीत दोन-दोन केंद्रकं अडकतात.

"हे मोहरीचं झालं. भाताचं काय?" काकांचा मुद्दा रास्त होता. येळ्ळूरच्या माणसाला मोहरी सांगून काय उपयोग?

भातात ठिसूळ काडीचे वाण आहेत. त्यातल्या एकाचं जनुक, बीसी३ (बीसी म्हणजे 'ब्रिटल कल्म', ठिसूळ काडी), २०१० मध्ये सापडलं. ते डायनामिन जातीचं प्रथिन बनवतं. पटलाचा तुकडा चिमटून पुटिका सुटी करायची, हे या जातीच्या प्रथिनांचं काम. ते बिघडलं की सेल्युलोजचे गवंडी पटलापर्यंत कमी पोचतात. रोप दिसायला ठीकठाक, पण काडी दोन बोटांत धरून वाकवली की कट्कन तुटते.

"म्हणजे आमचं भात आडवं पडतंय ते ह्याच्यानंच?"

नाही काका. तुमचा बासमती उंच, वर युरियाचा हात सैल, आणि ऐन कापणीला पाऊस. ते भात लोळतं, तुटत नाही.

काका जरा गप्प बसले. मग म्हणाले, "पण तुटकं पिंजर म्हशीला बरं की गे. चावायला सोपं."

ठिसूळ काडीकडे संशोधकही चारा म्हणून बघतात, हे मी सांगायच्या आत ते धार काढायला उठले होते.