आडनाव झाकून केलेली भरती

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनतात. मी क्वालिटी बघते. ट्रेनी इंजिनिअर घ्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी एकच अट घातली, पद्धत मी ठरवणार.

आमच्याकडे मुलाखत म्हणजे गप्पा असायच्या. "कुठले तुम्ही? दांडिया बाजार? मग अमक्यांचे कोण?" ओळख निघाली की मुलगा आपला वाटतो, आणि आपला वाटला की हुशारही वाटू लागतो. विचारणाऱ्याच्या मनात पाप नसतं, पण ज्याच्या आडनावाला कुणी ओळख देत नाही तो तिथेच मागे पडतो. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी सगळ्यांना वाचायला दिला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली.

याच बडोद्यात १९१७ साली संस्थानच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती, पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं. ते उघड होतं. आज तोंडावर तसं कुणी बोलत नाही, त्यामुळे आपल्या हातून काय होतंय ते आपल्यालाच कळत नाही. मला ते जास्त अवघड वाटतं.

आधी अर्जांना नंबर दिले आणि नाव, फोटो, वडिलांचं नाव, पत्ता सगळं झाकलं. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "बेन, नाम काढी नाखशो तो माणसने ओळखीशुं केवी रीते?" (नाव काढून टाकलंत तर माणसाला ओळखायचं कसं?) मी म्हटलं, कामावरून.

मुलाखतीत चेहरा दिसणारच आणि बोलीही कळणारच. म्हणून प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. 'कॉन्फिडन्स' आणि 'टीममध्ये बसेल का' हे रकाने मी काढून टाकले, कारण आवडनिवड तिथूनच आत शिरते. उमेदवार बाहेर गेला की एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने आपापल्या कागदावर गुण लिहायचे आणि चर्चा मग करायची. नाहीतर मोठे साहेब "ठीक आहे" म्हणाले की बाकीच्यांची पेनं तिकडेच वळतात.

टेबलावर एक मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणि लेथवर टर्निंग केलेली पिन ठेवली होती. मायक्रोमीटरला मुद्दाम झीरो एरर ठेवला होता, म्हणजे पूर्ण बंद केला तरी तो शून्य दाखवत नव्हता. इंग्रजी फर्डं बोलणाऱ्या एका मुलाने पिन लावली आणि आकडा सांगून मोकळा झाला. एक मुलगी मान खाली घालून, अडखळत बोलत होती. तिने आधी फडक्याने दोन्ही टोकं पुसली, पिन न लावताच मायक्रोमीटर बंद केला, रेघ जुळत नाही हे पाहून फरक कागदाच्या कोपऱ्यात लिहिला आणि मगच माप घेतलं. कागद उघडले तेव्हा तिला सर्वांत जास्त गुण प्रॉडक्शनच्या साहेबांचेच होते.

शॉपफ्लोअरवर मात्र कुजबुज चालूच होती, "यादी आधीच ठरलेली असणार." त्यावर भाषण करून काही होत नाही. आमच्याकडेच कंत्राटावर असलेल्या, डिप्लोमा झालेल्या एकाने अर्ज केला होता. त्याची निवड झाली नाही. मी त्याला बोलावून त्याचे कागद समोर ठेवले. तो आधी रागातच होता. ड्रॉइंगच्या प्रश्नापाशी आला तेव्हा थांबला. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, म्हणजे ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या बाजू मांडण्याची एक पद्धत, त्याला ओळखता आलं नव्हतं. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "मॅडम, हे कुणाकडे शिकायला मिळेल?" आता आमच्या टूलरूममधले एक काका त्याला सुट्टीनंतर शिकवतात, आणि इतरांना अर्ज करा म्हणून सांगतो तो हाच.

पगारवाढीला मात्र अजून एकाच साहेबांचा शेरा चालतो. तिथेही प्रत्येक शेऱ्यामागचं कारण लेखी द्यावं आणि ते त्या माणसाला दाखवावं, असं मी मॅनेजमेंटला लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये मी तो विषय काढते.