अ‍ॅक्सेसची फाइल कॉम्पॅक्ट होईना तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा डेटाबेस मी सांभाळतो. तो मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या प्रोग्रॅममध्ये आहे. ऐन हंगामात सौदे सुरू असताना दिवाणजींचा फोन आला, “दादा, ही नोंदच घेईना बघा. शेतकरी हिशोबाच्या पट्टीसाठी खोळंबलेत.” स्क्रीनवर ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ एवढंच. फाइलचा आकार बघितला आणि कारण कळलं. अ‍ॅक्सेसची एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही आणि आमची तिथं टेकली होती.

अ‍ॅक्सेसमध्ये नोंद खोडली तरी तिची जागा फाइलमध्ये अडकून राहते. ती सोडवायला ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ आहे. ते फाइलची नवी प्रत बांधतं, म्हणून ड्राइव्हवर तेवढी जागा मोकळी लागते आणि फाइल दुसरीकडे कुठंही उघडी चालत नाही. सगळ्यांनी बंद केली म्हणून सांगितलं, तरी एलएसीसीडीबी नावाची लॉक फाइल (मूळ फाइल कुणाकडे उघडी आहे तोवर राहणारी) फोल्डरमधून हलेना. तोलाईच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर फॉर्म मिनिमाइझ करून ठेवलेला निघाला. तो बंद केला, फाइलची कॉपी बाजूला काढली, कॉम्पॅक्ट चालवलं. मध्येच बंद पडलं.

अशा वेळी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबण्यात अर्थ नसतो, हे माझं ठाम मत आहे. कोरी फाइल घ्यावी आणि जुनीतला माल तिच्यात आणावा. फॉर्म, क्वेरी, लहान टेबलं इम्पोर्टनं सुखरूप आली. अडलं ते लॉटच्या टेबलावर. त्यात प्रत्येक लॉटचा फोटो ओएलई ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे डेटाबेसच्या आतच, चिकटवलेला. अशा फील्डमध्ये लहानसा जेपीजीही बिटमॅप (न दाबलेलं चित्र) होऊन कित्येक पटींनी फुगतो. फाइल वाढली ती इथंच.

या टेबलाचा नुसता सांगाडा आणला आणि फोटोचं फील्ड वगळून अपेंड क्वेरीनं (एका टेबलातल्या नोंदी दुसऱ्यात भरणाऱ्या आज्ञेनं) नोंदी लॉट नंबरच्या टप्प्याटप्प्यानं भरल्या. एक टप्पा अडला. त्याचे दोन भाग, अडलेल्या भागाचे पुन्हा दोन, असं करत एकाच नोंदीवर आलो. राजापुरी हळदीचा लॉट. पोती, वजन, दर सगळं ठीक, पण शेऱ्याच्या मेमो (लांब मजकुराच्या) फील्डमध्ये चिनी लिपीसारखी अक्षरं. तेवढी नोंद कागदी पट्टीवरून हातानं भरली. पट्टीवर शेतकऱ्याच्या घामाचे पैसे असतात. आकडा अंदाजानं भरून भागत नाही.

मूळ फोटो दुकानात होतेच. ते फोल्डरमध्ये ठेवून टेबलात फक्त त्यांचा पाथ, म्हणजे फोटो कुठं आहे तो पत्ता, लिहिला. मग फाइल दोन भागांत तोडली: टेबलं एका कॉम्प्युटरवर, फॉर्म ज्याच्या त्याच्याकडे. नव्या फाइलवर कॉम्पॅक्ट लगेच चाललं. ‘कॉम्पॅक्ट ऑन क्लोज’, म्हणजे फाइल बंद करताना आपोआप होणारं कॉम्पॅक्ट, मात्र मी बंदच ठेवलंय. दुकान बंद करायच्या घाईत कुणी मेन स्विच पाडला, तर फाइल अर्धवट राहायची. त्यापेक्षा अमावास्येला यार्डाला सुट्टी असते तेव्हा कॉपी काढून मी स्वतः ते करतो.