‘सी व्ह्यू’ म्हणजे झावळ्यांआडची निळी रेघ

बेळगावात लग्न झालं की सत्यनारायण, गोंधळ, सौंदत्तीची यल्लम्मा नाहीतर जोतिबा, आणि मग पाचव्या-सहाव्या दिवशी गाडी खानापूर रोडला लागते. हनिमूनला गोवाच, ते वेगळं ठरवावं लागत नाही. दोन तास घोळ चालतो तो हॉटेलवर, आणि त्यातही मोबाइलवरच्या फोटोंवर.

आमचा मुक्काम दक्षिण गोव्यात, वार्का-केळशीच्या बाजूला होता. खानापूर, लोंढा, रामनगर, अणमोड घाट, मोले, फोंडा, मग बोरीचा पूल ओलांडून मडगाव. उत्तर गोव्यात जायचं असेल तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट बरा. अणमोडला ट्रक जास्त, पावसाळ्यात दरडीची आणि खड्ड्यांचीही भीती, म्हणून निघण्याआधी रस्ता सुरू आहे का ते विचारून घ्यावं. आठवडाभर जेवणावळी आणि जागरणं झालेल्या पोटाने घाटात बसू नये. सकाळी इडली-चहावर निघावं, ज्याला गाडी लागते त्याने पुढच्या सीटवर बसावं. चेक-इन दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, मग पहाटे चारला उठून करायचं काय?

रिसेप्शनवर एक अडचण आपल्याकडच्या जोडप्यांना हमखास येते. लग्नात मुलीचं नाव बदललेलं असतं, हौसेने बुकिंगही नव्या नावावर केलेलं असतं, आणि आधार मात्र माहेरच्या नावाचं. बुकिंग आधारवर जसं आहे तसंच करा. लग्नाचा दाखला मागावा असा कायदा नाही, पण दोघांचंही ओळखपत्र लागतंच. नवरदेवाच्या एकट्याच्या आधारवर भागत नाही.

आता खोली. हे लिहायला बसलो ते खरं तर तिच्यामुळेच. बुकिंगवर ‘सी व्ह्यू’ होतं. बाल्कनीत गेल्यावर समोर हिरवळ, तिच्यापलीकडे माडांची रांग, आणि दोन झावळ्यांच्या फटीतून बोटभर निळी रेघ. तोच समुद्र. हॉटेलवाल्याशी भांडून उपयोग नाही, कारण शब्द खोटा नव्हता. समुद्र दिसत होता. ‘सी व्ह्यू’ म्हणजे कुठून तरी, मान वळवून का होईना, पाणी दिसतं. ‘पार्शियल सी व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीच्या कठड्यावर वाकलं तर दिसतं. खोलीचं तोंडच समुद्राकडे हवं असेल तर ‘सी फेसिंग’ असा शब्द लागतो, आणि तोही तळमजल्यावर फुकट जातो, कारण समोर कुंपणाची झुडपं असतात. ‘गार्डन व्ह्यू’ निदान प्रामाणिक असतो.

फोटोतलं हॉटेल पाण्याला टेकलेलं वाटतं आणि प्रत्यक्षात लांब असतं, याला कारण आहे. किनारपट्टीचे नियम १९९१ साली आले. गावाकडच्या बहुतेक किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरांच्या पट्ट्यात नवं हॉटेल बांधता येत नाही. म्हणून हॉटेल संपतं, मग कुंपणाचं फाटक, मग मर्यादावेलीने बांधून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, मग किनारा. सपाट रस्त्यावर २०० मीटर म्हणजे तीन मिनिटं. दुपारी बाराच्या वाळूत, चप्पल हातात घेऊन, ती दहा मिनिटं होतात आणि तळपाय भाजतात ते वेगळंच. वाळूवरची शॅक्स, म्हणजे तात्पुरत्या खानावळी, पावसाळ्याआधी काढतात, त्यामुळे जूनमध्ये गेलात तर तिथे सावलीलाही काही उरत नाही.

म्हणून बुक करण्याआधी हॉटेलला फोन करून तीन गोष्टी विचारा: खोली कितव्या मजल्यावर आहे, बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि फाटकापासून पाणी किती लांब. पश्चिम म्हणाले तर सूर्यास्त खोलीतून दिसेल. ही उत्तरं मेलवर मागा. तोंडी आश्वासन रिसेप्शनची पाळी बदलली की संपतं.

पैशाचा हिशेब लग्नात दमलेल्या डोक्याला नको वाटतो, पण इथे एक पायरी आहे. खोलीचा दर रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८ टक्के, आणि तो वरच्या रकमेवर नाही, पूर्ण दरावर. ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते. ७,८०० ची पडते ९,२०४ ला. तीनशे रुपयांनी मोठी खोली घेतली म्हणून आपण खुशीत, आणि बिलात तेराशेचा फरक. असल्या महागड्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्येही १८ टक्के लागतात, बाहेरच्या साध्या खानावळीत ५. नाश्ता दरात धरलेला घ्यावा, दुपारचं जेवण बाहेर. एक जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ‘ताजी इसवण’ (म्हणजे सुरमई) असं कार्डावर कितीही ठळक छापलेलं असलं तरी ती बहुधा बर्फातलीच असते.

शुक्रवार-शनिवार टाळून रविवार ते गुरुवार गेलं तर त्याच पैशात वरचा मजला मिळू शकतो. माझं मत विचाराल तर चार रात्री बागेकडच्या खोलीत काढण्यापेक्षा दोन रात्री समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत काढाव्यात. बुकिंग करताना ‘हनिमून’ लिहायला लाजू नका, केक आणि पलंगावरची फुलं बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे न घेता देतात. तेवढं ते पलंगावर टॉवेल दुमडून केलेले हंस मोडायला जीवावर येतं. गुलाबाच्या पाकळ्या मात्र झोपण्याआधी सगळ्या झटका, अंगाखाली चिरडल्या की पांढऱ्या कुर्त्याला तांबडे डाग पडतात.

बाल्कनीचं दार उघडं ठेवून लाटा ऐकत झोपायचं स्वप्न असेल तर ऐका: बऱ्याच हॉटेलांत दाराला सेन्सर असतो, दार उघडं राहिलं की एसी बंद. मे महिन्यात दोन्हीपैकी एकच मिळतं. एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. दहा-पंधरा मिनिटं तो पिशवीतच बाहेर ठेवावा, मग उघडावा.

दागिन्यांचं बायकांना सांगावं लागत नाही, पुरुषांना सांगावं लागतं. थंड पाण्यात बोटं आकसतात आणि साखरपुड्याची सैल अंगठी पहिल्याच लाटेत जाते. ती वाळूत सापडत नाही. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचा दोरा खाऱ्या पाण्याने कुजतो, पूलमधलं क्लोरिन सोन्यातल्या मिश्र धातूला खातं. खोलीतल्या तिजोरीला आकडा घालून आधी एकदा रिकामीच उघडून बघा, मग सोनं ठेवा. हिरवा चुडा काचेचा असतो, पूलच्या कडेला फुटला तर काच पाण्यात दिसत नाही.

दुसरा दिवस वाळूत गेला, त्याचं सांगण्यासारखं काही नाही. पण पाण्याचं सांगतो. आपल्याकडचा माणूस विहिरीत पोहायला शिकतो आणि समुद्रालाही विहीरच समजतो. विहिरीतलं पाणी ओढत नाही. दोन लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, लाल झेंडा असेल तर नाहीच. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होतोय आणि मधला पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, तर तो पट्टा सोयीचा वाटतो आणि तोच सगळ्यात वाईट. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत ओढलं जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीतून बाहेर पडा, मग वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. संध्याकाळी जीवरक्षक टॉवरवरून उतरले की पाण्यातून निघा, सूर्यास्ताचे फोटो कोरड्या वाळूवरूनही चांगले येतात.

परतताना अणमोडला डिकी उघडायला लावतात. कर्नाटकाचा कर न भरलेली दारू आणणं गुन्हा आहे आणि गोव्यातल्या दुकानाचं बिल दाखवून भागत नाही. नव्या नवरीला गाडीत बसवून चेकपोस्टवर अर्धा तास गयावया करणारा मित्रांचा लाडका नवरदेव या रस्त्यावर नवा नाही. काजू कितीही आणा. वाळू तर न आणताही येते, पुढचे पंधरा दिवस पायपुसणं झटकलं की निघते.