‘साहेब, तुमचं तिथं काईच चालत नाई का?’

गेली काही वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत बसलो की किंवा फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा राहिलो की, कुणीतरी जवळ येऊन म्हणतेच, “साहेब, तुम्ही खात्याचे मोठे ना? मंग त्या एचआरवाल्यायपुढं तुमचं काईच चालत नाई का?”

विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरचे कुणी ना कुणी सूतगिरणीत होते किंवा आहे, त्यामुळे तिथल्या तीन पाळ्या आणि रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, सायडरला, म्हणजे ते सांभाळणाऱ्या कामगाराला, करावी लागणारी धावपळ त्यांना मी सांगण्याची गरज नाही. मी तिथल्या सूत कातायच्या खात्याचा प्रमुख होतो आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता कुणाची भीड नाही, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

मी कामाला लागलो तेव्हा त्या खोलीवर ‘कार्मिक विभाग’ अशी पाटी होती आणि आत बसणाऱ्याला सगळे लेबर ऑफिसर म्हणत. पुढे पाटीवर ‘मानव संसाधन’, म्हणजेच एचआर, आले आणि माझ्या टेबलावरचे फॉर्म वाढले. मूल्यमापनाच्या एका फॉर्मात दर दहा जॉबरांमागे (कामगारांवरच्या मुकादमांमागे) एकाला ‘असमाधानकारक’ ठरवणे सक्तीचे होते. मी दरवर्षी त्या रकान्यात निवृत्तीला टेकलेल्या जॉबरचे नाव लिहीत असे, कारण त्याचे त्यात फारसे काही बिघडणार नव्हते. याला कुणी लबाडी म्हणेल, पण ज्या फॉर्मला खात्यातली खरी स्थिती नकोच असते त्याला मी दुसरे काय देणार होतो?

पुढे गेटवर अंगठ्याचे यंत्र बसले. दिवसभर तुटलेले धागे जोडून आणि हंगामात घरच्या पऱ्हाटीचा कापूस वेचून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, त्यांचा अंगठा ते यंत्र ओळखत नसे. रात्रपाळीला आलेला माणूस अंगठा आधी शर्टाला पुसायचा, मग त्यावर फुंकर मारायची, मग थुंकी लावायची आणि शेवटी तसाच आत येऊन फ्रेमवर उभा राहायचा. महिनाअखेर त्याच्या नावावर दोन खाडे निघत. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 प्रमाणे वर्षात 240 दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळत असे. म्हणजे यंत्राने खाल्लेल्या दोन दिवसांमुळे एखाद्याची वर्षभराची रजा जाऊ शकत होती. माझे हजेरीचे रजिस्टर घेऊन मी एचआरमध्ये तीनदा गेलो, आवाज चढवला आणि रजिस्टर ग्राह्य धरायला लावले. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. दुसरी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

2018 च्या नोव्हेंबरात, दुसरी पाळी सुटायच्या सुमारास, माझ्या शेजारच्या गावचा एक सायडर माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. चौदा वर्षांची नोकरी आणि अतिशय साफ हात. त्याच्या फ्रेमवर धागे कमी तुटत. केसांना कापसाचा भुरका तसाच होता. तो म्हणाला, “साहेब, बाबाले सेवाग्रामले भरती केलं. अंग वारं गेलं त्याह्यचं. मले चार दिवस पाह्यजे.” रजेचा अर्ज त्याने भरून आणला होता. मी म्हटले, “जा तू, मी पाहतो.” पगारी रजेसाठी 15 दिवस आधी लेखी अर्ज करावा, असे तेव्हाच्या कायद्यात होते. कुणाच्या बापाला लकवा पंधरा दिवसांची नोटीस देऊन होत नाही, हे मला कळत होते; म्हणूनच मी त्याला तोंडी जाऊ दिले. अर्जावर सही करून तो एचआरकडे पाठवला असता तर ‘आधी का कळवले नाही’ अशी विचारणा माझ्याकडेच आली असती. मी तो अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

चार दिवसांचे तेरा झाले. बाप घरी आला, पण शेतात बोंडे फुटून कापूस लोंबत होता आणि वेचायला मजूर मिळत नव्हते. तो परतला तोवर त्याच्या नावाने आरोपपत्र निघाले होते. त्या वर्षातला त्याचा विनापरवानगी गैरहजेरीचा हा तिसरा प्रसंग होता.

चौकशी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी एचआरच्या बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. नागपूरच्या, तिशीच्या आतल्या. खात्यात शिरताना कानावर हात ठेवत म्हणून आम्ही त्यांना हसत असू. त्या म्हणाल्या, “सर, तो म्हणतो तुम्ही हो म्हटलं होतं. तसं असेल तर दोन ओळी लिहून द्या. चार दिवस मंजूर धरले तर उरलेल्या नऊ दिवसांवर मी समज देऊन प्रकरण मिटवू शकते.” मी म्हणालो, “पाहतो.” त्याच महिन्यात व्यवस्थापनाचे परिपत्रक आले होते की तोंडी रजा देणाऱ्या खातेप्रमुखाला जबाबदार धरले जाईल. माझी बढती मार्चमध्ये व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी मला व्यवस्थापनाचा साक्षीदार म्हणून विचारले, “आपण रजा मंजूर केली होती का?” मी उत्तर दिले, “लेखी मंजूर केली नव्हती.” वाक्यात खोटे काहीच नव्हते. तो समोरच्या बाकावर बसला होता. त्याला माझी उलटतपासणी घेण्याचा हक्क होता आणि तसे त्याला सांगण्यातही आले. त्याने नकारार्थी मान हलवली आणि म्हणाला, “साह्यबाले काय इचारू?” ते वाक्य तसेच कार्यवाहीत लिहून घेतले गेले, माझ्या सहीच्या वर.

पुढच्या महिन्यात तो बडतर्फ झाला. कामगार न्यायालयात तो गेला नाही. ग्रॅच्युइटीचा आणि फंडाचा हिशेब घेऊन घरी बसला. गावात विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, “एचआरनं काढलं, माझं काय चालते तिथं?” ते सगळ्यांना लगेच पटले.

त्या वेळचा मी आजच्या मला विचारतो की दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर बढती गेली असती, ती कुणी भरून दिली असती? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो असेही म्हणतो की चौदा वर्षांच्या चांगल्या सायडरला तेरा दिवसांसाठी काढणारी व्यवस्था मी उभी केलेली नव्हती, आणि शिक्षेच्या कागदावर सही माझी नव्हती. हेही खरे आहे. एचआर विभागाबद्दलची माझी चीड खोटी नव्हती. अंगठ्याचे यंत्र आणि तो दहात एकाचा रकाना मला आजही मूर्खपणाचे वाटतात. परंतु आम्हा खातेप्रमुखांना तो विभाग जितका नकोसा होता तितकाच हवाही होता, कारण पोराला तोंडावर नाही म्हणण्याऐवजी “वरून आलं आहे” असे म्हणता येत असे. चांगली बातमी मात्र आम्ही स्वतः खात्यात जाऊन सांगत असू. त्या बाई वर्षभरात नोकरी सोडून गेल्या आणि आम्ही म्हटले, एचआरची माणसे टिकत नाहीत.

निवृत्त होताना ड्रॉवर रिकामा केला तेव्हा तो अर्ज सापडला. तो घरी आणला आहे. फाडलाही नाही आणि कुणाला दाखवलाही नाही.

मागच्या आठवड्यात पोस्टाच्या ओट्यावर एका ओळखीच्या माणसाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. हे सगळे मनात जुळवून तयार होते. तेवढ्यात तो सायडर सायकलला चाऱ्याचा भारा बांधून समोरून गेला, मला पाहून नेहमीसारखा “रामराम साहेब” म्हणाला, आणि मी शेजारच्याला सांगितले की नाही हो, तिथे खातेप्रमुखाचे काही चालत नाही.