तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या नोंदी मी हातानेच का काढतो

आमच्याकडे नवीन लागलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात विचारतोच, "सर, बॅक्युलाच्या कॅटलॉगमधली मेलेली व्हॉल्यूम्स तुम्ही अजून एकेक करून का उडवता? पाच ओळींची स्क्रिप्ट आहे."

आहे ना. मीच लिहिली होती. बॅक्युला म्हणजे आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर, व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप साठवलेली एकेक फाइल, आणि कॅटलॉग म्हणजे कुठल्या व्हॉल्यूममध्ये काय आहे याचा डेटाबेस.

डिस्कवर फाइल सापडली नाही, तर कॅटलॉगमधून व्हॉल्यूम डिलीट. फाइलच नाही तर नोंद कशाला जपायची? आमचे अकाउंटंट काका तेव्हा म्हणाले होते, "पंचवटीतल्या गुरुजींच्या वंशावळीच्या वहीतून मेलेल्याचं नाव कोणी खोडतं का रे?" मी हसलो होतो. खरं तर आजही ती तुलना मला पूर्ण पटत नाही. वही कोणी डेटाबेसवर चालवत नाही.

जुलैची रात्र. सातपूरला वीज गेली, आली, परत गेली. सर्व्हर आधी उठला, नॅस (बॅकअपच्या फाइली ठेवलेली नेटवर्कवरची डिस्क) मागाहून. माउंट लागलाच नाही, म्हणजे नॅस सर्व्हरला जोडलाच गेला नाही. फोल्डर मात्र जागेवर होतं, रिकामं. दोन वाजता क्रॉन लागला, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप सुरू झाली. पहिलं व्हॉल्यूम? नाही. डिलीट. दुसरं? नाही. डिलीट. 'येस' मीच कमांडमध्ये लिहून ठेवलेलं, त्यामुळे बॅक्युलाने एकदाही विचारलं नाही. प्रून, म्हणजे जुन्या नोंदी छाटायची कमांड, निदान नोंद ठेवायची मुदत तरी बघतो. डिलीटला मुदतीशी देणंघेणं नाही, आणि व्हॉल्यूमबरोबर त्यावरच्या जॉबच्या, म्हणजे एकेका बॅकअपच्या, नोंदीही जातात. सकाळी क्वालिटीवाल्यांना एक ड्रॉइंग परत हवं होतं. मी यादी काढली, तर एकही व्हॉल्यूम नाही.

नॅस जोडल्यावर फाइली सगळ्या सुखरूप दिसल्या. पण कुठल्या फाइलीत काय, हे कोण सांगणार? कॅटलॉगचा रोजचा डंप (त्याची प्रत) त्याच व्हॉल्यूम्समध्ये, आणि बूटस्ट्रॅपची (कुठला बॅकअप कुठल्या व्हॉल्यूममध्ये हे सांगणारी) मेल मेलबॉक्स भरतो म्हणून मीच बंद केलेली. उरलं बीस्कॅन: एकेक व्हॉल्यूम वाचून नोंदी नव्याने भरायच्या. पहिल्या रात्री मी 'उणे एस', म्हणजे वाचलेलं डेटाबेसमध्ये लिही असं सांगणारा पर्याय, द्यायला विसरलो. रात्रभर वाचत बसलं, डेटाबेसमध्ये एक अक्षर उतरलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. साहेबांना "नॅस स्लो आहे" म्हणालो. चार दिवस गेले.

हो, माउंट लागलाय का हे बघणारी एक ओळ असती तर यातलं काही झालं नसतं. आता ती आहे. मग चालवत का नाही? कारण तेव्हाही मी सगळं तपासलंय असंच मला वाटलं होतं. आणि हाताने चूक होत नाही असंही नाही. गेल्या वर्षी व्हॉल्यूम ०१७१ ऐवजी ०११७ टाइप केलं आणि एंटर दाबलं. तेव्हा कोणाचं काही अडलं नाही, एवढंच.

सध्या स्क्रिप्ट फक्त यादी छापते. शुक्रवारी एकोणीस निघाली. पंधरा काढली. चार अजून तशीच आहेत, सोमवारी परत बघतो.