हप्ते थकले डब्लिनमध्ये, फोन वाजला मिरजेत

भारतातलं शैक्षणिक कर्ज परदेशात असताना थकलं, तर वसुलीवाला आपल्या दारात येत नाही. तो आई-बाबांच्या दारात जातो. ज्यांच्यावर आज ही वेळ आली आहे त्यांना माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

2021 मध्ये मी एमएस्सीसाठी डब्लिनला आले. एका राष्ट्रीयीकृत बँकेकडून 24 लाखांचं कर्ज घेतलं होतं. तारण मिरजेचा फ्लॅट आणि सहकर्जदार बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. शिक्षण संपलं, नोकरी लागली, मोरेटोरियम, म्हणजे हप्ते न भरण्याची सुरुवातीची मुदत, संपल्यावर हप्ते सुरू झाले. साठलेलं व्याज धरून हप्ता 31 हजारांच्या आसपास होता आणि तो वेळच्या वेळी जात होता. 2024 च्या फेब्रुवारीत कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. आयर्लंडमध्ये वर्गणीवर आधारित बेकारभत्ता मिळायला निदान 104 आठवड्यांची पीआरएसआय, म्हणजे पगारातून जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी, भरलेली असावी लागते. माझी तेवढी झालेली नव्हती. खोलीचं भाडं देऊन उरेल त्यात दोन हप्ते गेले, तिसरा गेला नाही.

तो चुकण्याआधीच मी शाखेला ईमेल केला होता. इंडियन बँक्स असोसिएशनच्या मॉडेल कर्ज योजनेत बेकारीच्या काळासाठी हप्त्यांना सवलत देण्याची तरतूद आहे: एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, कर्जाच्या मुदतीत दोन-तीनदा. ही गोष्ट फार थोड्या कर्जदारांना माहीत असते, आणि माझ्या अनुभवात शाखेतल्या लोकांनाही नसते. नोकरी गेल्याचं पत्र जोडून मी तीच सवलत मागितली. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं, त्यालाही नाही. आलं ते थेट वसुली एजन्सीचं बोलावणं, आणि तेही बाबांना.

हप्ता थकला की खातं आधी एसएमए, म्हणजे निगराणीखाली जातं आणि 90 दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अधिकृतपणे थकीत, होतं. फोन मात्र 90 दिवसांची वाट बघत नाहीत. सुरुवातीला "काका, जरा बघा की, मुलीला सांगा" असा सूर असायचा. पुढे तो बदलला. डब्लिनमध्ये दुपारचे साडेचार, म्हणजे मिरजेत रात्रीचे नऊ. त्या वेळी फोन. मग सोसायटीच्या गेटवर एक माणूस आला आणि वॉचमनला मोठ्याने म्हणाला, "गुरुजींचा फ्लॅट लिलावात निघणार आहे, माहीत आहे का?" कर्जाच्या अर्जावर संदर्भ म्हणून आत्याचं नाव होतं, तिलाही फोन गेला. "मुलीच्या लग्नाच्या वेळी हे सगळं बाहेर येईल," हे वाक्य बाबांनी मला बरेच दिवस सांगितलंच नव्हतं. आईकडून कळलं. आई दिवेलागणीला मोबाइल बंद करून देव्हाऱ्याजवळ ठेवू लागली होती.

बाबा हादरले होते, पण त्यांनी एक काम शिक्षकाच्या शिस्तीने केलं. जुन्या डायरीत प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर आणि बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव लिहून ठेवलं. जो नाव सांगत नसे त्याच्यापुढे "नाव सांगितले नाही". कोण काय म्हणालं तेही शब्दशः. पुढच्या सगळ्या कामात त्या डायरीचा जितका आधार झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

धमक्यांमध्ये खरं किती आणि खोटं किती, हे आधी वेगळं करावं लागलं. "पासपोर्ट जप्त करू" हे खोटं, कारण तो अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे, बँकेचा नाही. "आयर्लंडचा व्हिसा रद्द करू" हेही खोटं. "लुकआउट नोटीस काढू, मुंबई विमानतळावर धरतील," या धमकीने आई फार घाबरली होती. सरकारी बँकांच्या अध्यक्षांना आणि व्यवस्थापकीय संचालकांना लुकआउट सर्क्युलरची मागणी करण्याचा दिलेला अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2024 रोजी रद्द केला. न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांचा तो निकाल. त्याची बातमी मी आईला फोनवर वाचून दाखवली.

दोन गोष्टी मात्र खऱ्या होत्या. बाबा सहकर्जदार असल्यामुळे बँक पूर्ण रक्कम एकट्या त्यांच्याकडूनही मागू शकते. आणि ऑटो-डेबिटचा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते. तशी नोटीस आली तर 15 दिवसांत पैसे भरण्याची संधी असते. ती सोडू नये. "परदेशात आहेस, कोण काय करणार, देऊ नकोस," असं सांगणारे मित्र मलाही भेटले. त्यांच्या सल्ल्याची किंमत मिरजेत बाबांनी मोजली असती.

मग मी सगळा व्यवहार फोनवरून कागदावर आणला. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाइकांच्या आणि संदर्भ म्हणून नाव दिलेल्यांच्या खासगी आयुष्यात शिरायचं नाही. एजन्सीचं नाव बँकेने कर्जदाराला आधी कळवलं पाहिजे, आणि घरी येणाऱ्या एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलं पाहिजे. बाबांना मी एकच वाक्य पाठ करायला सांगितलं: "अधिकारपत्र दाखवा, बाकीचं मुलीशी ईमेलवर बोला." पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज कापत होता, असं आई म्हणाली. नंतर सवय झाली.

शाखाधिकारी आणि बँकेचे नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेले अधिकारी, या दोघांना मी लेखी तक्रार केली. डायरीच्या पानांचे फोटो, दोन कॉलचं रेकॉर्डिंग आणि माझा अनुत्तरित ईमेल जोडला. माझा आयर्लंडचा पत्ता आणि नंबर देऊन लिहिलं की कर्ज मला मान्य आहे, ते मी फेडणार आहे, आणि यापुढे वसुलीबाबत माझ्याशीच संपर्क साधावा. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँक ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ही तक्रार परदेशातून करता येते आणि फी लागत नाही. हप्ते पुढे ढकलून द्या, अशी मागणी तिथे चालत नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो. म्हणून मी तक्रार फक्त एजंटांच्या वागण्यापुरती आणि उत्तर न देण्यापुरती ठेवली. लोकपालाकडून विचारणा गेल्यावर बँकेचा सूर बदलला. आमचं प्रकरण एजन्सीकडून काढून घेतल्याचं पत्र आलं आणि बाबांना शाखेतून दिलगिरीचा फोन आला. त्या रात्री आईचा मोबाइल चालू होता.

पण वसुलीची कायदेशीर बाजू थांबलेली नव्हती. खातं एनपीए झालं होतं, आणि बँकेला तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस रजिस्टर पोस्टाने घरी आली. साठ दिवसांत पूर्ण रक्कम भरा, नाहीतर तारण ताब्यात घेऊ. थकलेले हप्ते नव्हेत, पूर्ण रक्कम. बाबांनी ती नोटीस व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. सांगलीच्या एका वकिलांनी धीर दिला. ही नोटीस म्हणजे घराचा ताबा नव्हे. कलम 13(3ए) खाली आपलं म्हणणं लेखी मांडता येतं आणि ते मान्य नसेल तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह कळवावं लागतं. ताब्याची कारवाई झालीच तर 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, दाद मागता येते. आम्ही सवलतीसाठीचा जुना ईमेल, नोकरीच्या मुलाखतींचा तपशील आणि थकबाकी भरण्याचा लेखी प्रस्ताव असं सगळं उत्तरात घातलं. नोटिशीला उत्तर न देणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि घाबरलेली माणसं नेमका तोच धरतात.

प्रकरण एजन्सीकडे होतं तेव्हा तिथल्या एकाने परस्पर सेटलमेंट सुचवलं होतं. ठरावीक रक्कम एका यूपीआय नंबरवर टाका, प्रकरण मिटवतो. बाबांनी त्याला बँकेच्या लेटरहेडवर लिहून मागितलं आणि तो पुन्हा फिरकला नाही. पैसे भरायचे ते फक्त कर्जखात्यात. आणि खरं सेटलमेंट झालं तरी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, "सेटल्ड" हा शेरा बाबांच्या नावापुढेही राहतो. तो मला नको होता.

सप्टेंबरात नोकरी मिळाली, क्रिटिकल स्किल्स या वर्क परमिटसकट. एनपीए झालेलं खातं थोडे पैसे भरून नियमित होत नाही, व्याज आणि मुद्दल दोन्हींची सगळी थकबाकी भरावी लागते. नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलेलं आहे. पहिले पगार, मैत्रिणीकडून घेतलेली उसनवारी आणि बाबांची एक एफडी असं जमवून डिसेंबरात सगळी थकबाकी एकदम भरली. जानेवारीत खातं स्टँडर्ड, म्हणजे पुन्हा नियमित, झाल्याचं आणि 13(2) ची नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. ते लेखीच मागून घ्या, तोंडी "झालं काम" यावर थांबू नका.

मैत्रिणीचे पैसे फिटले, बाबांची एफडी पुन्हा केली. सिबिलच्या अहवालात त्या महिन्यांचे थकीत दिवस अजून दिसतात, माझ्याही आणि बाबांच्याही. आता हप्त्याबरोबर दरमहा थोडी जादा रक्कम मुद्दलात भरते, कारण फ्लॅटची मूळ कागदपत्रं अजून बँकेत आहेत. कर्ज पूर्ण फिटल्यावर ती 30 दिवसांत परत करणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. बाबांनी ही तारीख टिपायला डायरीत एक पान कोरं ठेवलं आहे.